‘जुन्यासारखी’ गिटार घ्यायची, पण तिच्यातलं नेमकं काय जुनं हवंय?

मे महिना सरत आला होता. आंब्याच्या शेवटच्या पेट्या वाशीला रवाना झाल्या आणि दोन दिवसांनी भाचा वेंगुर्ल्याहून माझ्याकडे कुडाळला आला. हंगामभर बागेत राबून त्याने गिटारीसाठी पैसे बाजूला काढले होते. मोबाईलवर दोन फोटो उघडून त्याने माझ्यापुढे धरले. दोन्ही स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर या अमेरिकन कंपनीच्या नावाजलेल्या इलेक्ट्रिक गिटारीच्या घडणीच्या. दोन्हींचा रंग मध्यभागी मधासारखा आणि कडेला काळपट होत गेलेला. दोन्हींच्या नावात साठचं दशक.

“मामा, दोन्ही सारख्योच दिसतत. मगे किमतीत एवढो फरक कित्याक?”

फरक थोडाथोडका नव्हता. महागडीच्या पैशात स्वस्तातल्या चार सहज आल्या असत्या. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात आणि गणपतीत वाजवणाऱ्या पोराला हा प्रश्न पडणारच, कारण गेल्या काही वर्षांत बाजारात अशा गिटारींची नुसती रांग लागली आहे. २०१९ मध्ये फेंडरने ‘विंटेरा’ ही मालिका काढली, त्याच वर्षी गिब्सन या दुसऱ्या अमेरिकन कंपनीने आपल्या लेस पॉल या मॉडेलच्या ‘पन्नास’ आणि ‘साठ’ अशा दोन आवृत्त्या आणल्या. २०२२ मध्ये ‘अमेरिकन विंटेज टू’ आली, २०२३ मध्ये ‘विंटेरा टू’. फेंडरच्याच घरातला स्वस्त ब्रँड म्हणजे स्क्वायर, त्याची ‘क्लासिक वाइब’ वेगळीच. प्रत्येकीच्या जाहिरातीत ‘अस्सल जुनी’ हे शब्द असतात, आणि अस्सल म्हणजे काय ते कुणी सांगत नाही.

एखादं जुनं मॉडेल कंपनीने त्याच घडणीचं पुन्हा बनवून विकायला काढलं की त्याला रिइश्यू म्हणतात. जावा मोटारसायकल २०१८ मध्ये परत आली तेव्हा आपण हेच पाहिलं. टाकी जुन्या वळणाची, इंजिन मात्र आजचं. आता समजा, कुणी जुनी बुलेट तंतोतंत बनवली, उजव्या पायाच्या गियरसकट, तर तीही रिइश्यूच. दोन्ही ‘जुन्या’, पण रोज कामाला जाणाऱ्याला दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक जाणवेल. गिटारींचंही तसंच आहे. ‘जुन्यासारखी’ हा एक गुण नाही, ती चार-पाच गोष्टींची मोट आहे. समुद्राकाठी राहणाऱ्या वादकाने ती मोट सोडून आतली एकेक गोष्ट वेगळी तपासावी. आवाज आणि मानेचा आकार जुना घ्यावा, बाकीचं खुशाल नवं असू द्यावं, असं माझं इतक्या वर्षांच्या वापरानंतरचं ठाम मत आहे. का, ते सांगतो.

जुन्या गिटारींना एवढं मोल कशामुळे आलं?

लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावचा रेडिओ दुरुस्त करणारा माणूस. १९५० साली त्याने भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली. १९५१ मध्ये तिला टेलिकास्टर हे नाव मिळालं आणि १९५४ मध्ये स्ट्रॅटोकास्टर आली. मधल्या काळात, १९५२ साली, गिब्सनची लेस पॉल निघाली. आज दुकानात भिंतीवर टांगलेल्या कितीतरी इलेक्ट्रिक गिटारी या तीन मॉडेलांच्या लेकी-नाती आहेत.

जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने फेंडर १.३ कोटी डॉलरला विकत घेतली. उत्पादन वाढलं, खर्च कमी करण्याकडे ओढा वाढला आणि सत्तरच्या दशकातल्या गिटारींबद्दल वादक कुरकुर करू लागले. ‘पासष्टच्या आधीची’ हा शिक्का तेव्हापासून मोलाचा झाला. जपानी कारखाने या जुन्या गिटारींच्या इतक्या नेटक्या नकला बनवू लागले की मूळ कंपनीचीच पंचाईत झाली. शेवटी १९८२ मध्ये फेंडरने जपानी भागीदारांबरोबर, आणि अमेरिकेतही, स्वतःचीच १९५७ आणि १९६२ ची मॉडेलं पुन्हा काढली. १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी सीबीएसकडून कंपनी सोडवून घेतली. म्हणजे रिइश्यूचा जन्म कंपनीला आपलंच जुनं काम मागे वळून पाहावं लागलं त्यातून झाला आहे. मला यात गैर काही वाटत नाही. चांगलं काम पुन्हा करावंसं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे.

एक मात्र लक्षात ठेवावं. पन्नासच्या दशकातल्या सगळ्याच गिटारी उत्तम नव्हत्या. ज्या बेकार होत्या त्या कधीच मोडीत गेल्या, चांगल्या होत्या त्या लोकांनी जिवापाड जपल्या. शंभर वर्षं टिकलेलं चिऱ्याचं घर बघून आपण म्हणतो, जुने गवंडी काय काम करायचे. पण त्याच काळात पहिल्या पाच पावसांत खचलेली घरं आज बघायला शिल्लक नाहीत.

आवाज कुठून येतो?

तारांखाली जो लांबट डबा दिसतो तो पिकअप. त्यात चुंबक असतात आणि चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत वीज तयार होते. सायकलचा डायनॅमो फिरला की दिवा लागतो, तेच तत्त्व. ही वीज वायरीतून अ‍ॅम्पमध्ये जाते आणि तिथे मोठी होते.

यातून पहिली कामाची गोष्ट कळते. इलेक्ट्रिक गिटारीचा जुना आवाज मुख्यतः पिकअपात आणि अ‍ॅम्पमध्ये असतो. आणि पिकअप बदलता येतो. स्क्रू काढायचे, दोन-तीन टाके सोल्डर करायचे, झालं. म्हणून नुसत्या आवाजासाठी कुणी दोन लाखांच्या पुढची गिटार घेत असेल तर त्याला मी थांबवतो. जुन्या घडणीचे चांगले पिकअप मध्यम किमतीच्या गिटारीत बसवले की पडद्यापलीकडून ऐकणाऱ्याला फरक सांगणं कठीण जातं.

दुसरी गोष्ट भुणभुणीची. पिकअपमधलं वेटोळं अँटेनासारखंही वागतं. घरातल्या विजेची सेकंदाला ५० आवर्तनं ते पकडतं आणि अ‍ॅम्पमधून सतत ‘हंऽऽ’ ऐकू येतं. नव्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये मधला पिकअप बहुधा उलट्या वेढ्यांचा आणि उलट्या चुंबकाचा असतो, त्यामुळे तो शेजारच्या पिकअपबरोबर वाजवला की दोन भुणभुणी एकमेकींना खाऊन टाकतात. काटेकोर रिइश्यूत ही सोय बहुधा नसते, कारण साठ साली ती नव्हती. खोलीत सरावाला हे चालून जातं. गणपतीच्या मांडवात मात्र जनरेटर, माळांचे दिवे आणि डिमर शेजारीच असतात, तिथे ही भुणभुण गाण्याच्या वर जाते.

मांडवाचा विषय निघालाच आहे तर गिटारीच्या निवडीबाहेरचं, पण निवडीपेक्षा महत्त्वाचं सांगतो. गिटारीच्या तारा आतून अ‍ॅम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. मांडवातल्या प्लगला अर्थिंगच नसेल आणि अ‍ॅम्पमध्ये बिघाड झाला, तर तारांवर हात आणि माईकला ओठ लागताच झटका बसू शकतो. खाली ओली जमीन असली की तो जिवावर बेतू शकतो. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय केबल लावू नका. कार्यक्रमाला उशीर झाला तर झाला.

तिसरी गोष्ट बारीक आहे, पण कानाला खटकते. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपमधले सहा चुंबक कमी-जास्त उंचीचे असत. तेव्हा तिसरी तार वर बारीक तार गुंडाळलेली, जाड असायची. तिचा आवाज उचलायला तिच्याखालचा चुंबक उंच ठेवला होता. आज बहुतेक जण तिसरी तार साधी, बिनगुंडाळीची लावतात. त्याच उंच चुंबकावर ती बाकीच्या तारांपेक्षा मोठ्याने बोलते. काटेकोर रिइश्यूने हाही तपशील इमानाने उतरवलेला असतो. दुकानात सहाही तारा एकेक करून सारख्या जोराने छेडून पाहा, लगेच कळेल.

छपराचं आढं आणि बोटांखालची गोलाई

मानेवर जिथे बोटं टेकतात ती पट्टी, म्हणजे फिंगरबोर्ड, सपाट नसते. आडवी पाहिली तर मध्ये किंचित फुगीर असते. ही गोलाई एका काल्पनिक वर्तुळाच्या त्रिज्येने मोजतात. जुन्या फेंडरची त्रिज्या ७.२५ इंच, आजच्या बहुतेक फेंडरची ९.५ इंच, गिब्सनची १२ इंच. आकडा लहान तेवढी गोलाई जास्त. घागरीचं पोट आणि विहिरीचा कठडा, दोन्ही गोलच, पण घागर पटकन वळते.

वळली तर काय बिघडतं? कौलारू छपराच्या उतरणीवर, कौलांपासून बोटभर वर, छपराच्या लांबीने एक दोरी ताणून बांधली आहे असं समजा. आता दोरी मधोमध पकडून, तिची उंची न बदलता, आढ्याच्या दिशेने सरकवा. उतार चढत जातो, दोरी तिथल्याच उंचीवर राहते आणि शेवटी कौलांना घासते. गिटारीवर तार ओढून स्वर चढवताना हेच होतं. सगळ्यात बारीक तार कडेला, म्हणजे उतरणीवर असते. ती मधल्या फुगवट्याकडे ढकलली की पुढच्या फ्रेटला, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्टीला, टेकते आणि स्वर मध्येच मरतो. उपाय एकच, तारा थोड्या उंच ठेवणं. पण उंच तारा म्हणजे बोटांना जास्त कष्ट.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे, कारण आपण मींड घेतो. भावगीताची किंवा अभंगाची चाल गिटारीवर काढताना एका फ्रेटवरून दोन-दोन स्वर चढवावे लागतात, आणि तेही हळू, कानाला प्रत्येक श्रुती ऐकू येईल असे. ज्या अमेरिकन वादकांसाठी १९५४ ची गिटार घडवली त्यांचं बरंचसं काम कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर, धरण्याचं होतं. कॉर्डला ७.२५ ची गोलाई फार सुरेख बसते, तर्जनी आडवी टाकली की तळहाताच्या नैसर्गिक बाकात मान येऊन बसते. म्हणून कॉर्ड वाजवणाऱ्याने जुनी गोलाई जरूर घ्यावी. चाल वाजवणाऱ्याने ९.५ घ्यावी.

भाच्याच्या दोन गिटारींत नेमका हाच फरक होता. ‘अमेरिकन विंटेज टू’ची गोलाई ७.२५, ‘क्लासिक वाइब’ची ९.५. तो ऑर्केस्ट्रात सोलो तुकडे वाजवतो. या एका मुद्द्यावर स्वस्तातली त्याच्या हाताला जास्त योग्य होती. किंमत जास्त म्हणजे आपल्या कामाला जास्त चांगली, असं समीकरण इथेच मोडतं.

मानेच्या मागच्या बाजूचा आकार हा वेगळा विषय, आणि त्याला नियम नाही. पन्नासच्या दशकातल्या माना भरदार, काही तर मागून होडीच्या तळासारख्या कणा असलेल्या. साठच्या सुरुवातीच्या बारीक. भरदार मान हातात घेतली की लहान हातांनाही बऱ्याचदा आराम वाटतो, कारण अंगठ्याला टेकू मिळतो. पाच-दहा मिनिटं वाजवून मनगट काय सांगतं ते ऐका, इंटरनेटवरचे आकडे सोडून द्या.

मान, ट्रस रॉड आणि जुलै महिना

तारांचा ताण मानेला सतत पुढे वाकवत असतो. त्याला तोंड द्यायला मानेच्या पोटात एक पोलादी सळई असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचं नट थोडं आवळलं किंवा सैल केलं की मानेचा बाक बदलतो. नव्या गिटारीत हे नट वरच्या टोकाला, खुंट्यांच्या बाजूला असतं. किल्ली घालायची, पाव फेरा फिरवायचा, वाजवून बघायचं. पन्नास-साठच्या फेंडरमध्ये ते मानेच्या खालच्या टोकाला होतं, जिथे मान धडात बसते तिथे. काटेकोर रिइश्यूतही तिथेच असतं.

कोरड्या गावात याने फारसं बिघडत नाही. वर्षातून एकदा मान खोलली तर खोलली. कोकणात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दारं फुगतात, कपाटाचे खण अडकतात, पापड-मिरच्यांना बुरशी धरते. गिटारीची मानही लाकडाचीच. ती दमटपणा पिते आणि हलते. कुणाची पुढे झुकते, कुणाची मागे, लाकडाच्या रेषांवर ते ठरतं. मग ऑक्टोबरच्या उन्हात ती पुन्हा परत फिरते. म्हणजे वर्षातून किमान दोनदा ट्रस रॉडला हात लावावाच लागतो.

माझी पहिली रिइश्यू अशीच काटेकोर होती. पहिल्याच पावसाळ्यात, कार्यक्रमाच्या आदल्या रात्री, पाचव्या फ्रेटच्या पुढे सगळ्या तारा खणखणायला लागल्या. वीज गेलेली. आईने कंदील धरला होता. तारा सैल केल्या, मागचे चार स्क्रू काढले, मान अर्धी उचलून नट जरासं फिरवलं, मान बसवली, स्क्रू आवळले, तारा सुरात आणल्या. कमी पडलं. पुन्हा सगळं खोललं. आता जास्त झालं. चौथ्या खेपेला जमलं तेव्हा दोन वाजले होते आणि एक स्क्रू त्याच्या भोकात फिरू लागला होता, कारण लाकडातला आटा झिजला होता. काडेपेटीच्या काडीला गोंद लावून भोकात घातली आणि वेळ मारून नेली. आई काही बोलली नाही, पण कंदील धरलेला तिचा हात अवघडला होता हे मला दिसत होतं. त्या रात्रीपासून कोकणातल्या कुणीही गिटारीबद्दल विचारलं की मी सर्वांत आधी विचारतो, “ट्रस रॉडचं नट कुठल्या टोकाला आहे?”

रंगाचा थर: लाख, प्लास्टिक आणि डासांचं मलम

सावंतवाडीच्या खेळण्यांवर चढवलेली लाख आठवा. पातळ, चकचकीत, लाकडाला बिलगलेली. जुन्या गिटारींवर नायट्रोसेल्युलोज लॅकर असायचं. ते लाखेचं नाही, कापसा-लाकडातल्या सेल्युलोजवर आम्लाची प्रक्रिया करून बनवतात, पण त्याचा पातळपणा आणि म्हातारं होण्याची पद्धत लाखेच्या जवळची. ते पिवळं पडतं, झिजतं, थंडी-उन्हात त्याला बारीक भेगा जातात. आपण याला नायट्रो म्हणू. गंमत म्हणजे फेंडरचे ते नावाजलेले रंग त्या काळच्या मोटारींचे होते, मोटारींच्याच रंगाच्या डब्यांतून आलेले. साठच्या दशकाच्या अखेरीपासून पॉलिएस्टर आणि पॉलियुरेथेनचा जाड, टणक थर आला. बहुतेक स्वस्त आणि मध्यम गिटारींवर आज तोच असतो.

‘नायट्रोमुळे लाकूड श्वास घेतं, म्हणून आवाज खुलतो’ असं म्हणणारे खूप भेटतात. पातळ थराचा स्पर्श सुंदर असतो हे खरं. हाताला लाकूड जाणवतं, मान चिकटत नाही. पण साठच्या दशकात फेंडर स्वतःच रंगाआधी लाकडावर प्लास्टिकसारख्या सीलरचा थर देत होती. ज्या गिटारींचे दाखले देतात त्यांतल्या कित्येकींचं लाकूड जन्मापासून बंदच होतं. आवाजासाठी नायट्रोवर जास्त पैसे घालवू नयेत.

आणि आपल्याकडे नायट्रो सांभाळणं हे एक कामच आहे. रबराच्या स्टँडवर गिटार ठेवली तर रबर आणि लॅकर यांची प्रक्रिया होऊन तिथला थर चिकट होतो, डाग पडतो. स्टँडच्या रबरावर सुती कापड गुंडाळा. डास पळवणाऱ्या ज्या मलमांत डीट नावाचं रसायन असतं ते तर हा थर विरघळवूच शकतं, आणि पावसाळ्यात कार्यक्रमाच्या आधी हाताला मलम लावत नाही असा वादक दाखवा. हात कोपरापर्यंत धुऊन मगच गिटार घ्या.

खाऱ्या वाऱ्याला मात्र कुठलाच थर थोपवत नाही, कारण तो धातूला धरतो. जुन्या पद्धतीच्या ब्रिजवर, म्हणजे धडावर तारा जिथे टेकतात तिथे, वाकवलेल्या पोलादी पत्र्याचे छोटे घोडे असतात, त्यांचे बारीक स्क्रू गंजून जाम होतात. जुन्या फेंडर पिकअपमध्ये तांब्याची तार थेट चुंबकांवर गुंडाळलेली असते. घाम आत झिरपून चुंबकाला गंज चढला की तार आतून तुटते आणि पिकअप मुका होतो. मालवण-देवगडसारख्या अगदी किनाऱ्यावरच्या घरात तर बंद पेटी, सिलिका जेलच्या पुड्या आणि वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने एकेक तार पुसणं, याला पर्याय नाही. आवरण चढवलेल्या तारा महाग असतात, पण इथे त्या दुपटी-तिपटीने जास्त टिकतात असा माझा अनुभव आहे.

“पण लाकूड तर खरं हवं ना?”

हा आक्षेप भाच्यानेही घेतला. महागडीचा फिंगरबोर्ड शिसवीचा, स्वस्तातलीचा ‘इंडियन लॉरेल’ नावाच्या लाकडाचा. नाव परदेशी वाटलं म्हणून तो बिचकला होता. मी त्याला म्हटलं, लॉरेल म्हणजे आपला ऐन. ज्याची साल मगरीच्या पाठीसारखी दिसते, जो इथल्या प्रत्येक रानात आहे, तो. २०१७ मध्ये जगभरच्या शिसवी जातीच्या लाकडांच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली. २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. मधल्या काळात अनेक कारखाने दुसऱ्या लाकडांकडे वळले, त्यात ऐन आला. तो घट्ट आणि टिकाऊ आहे, रंग किंचित फिका. कोरडा वाटला तर वर्षातून एकदा तेलाचा हलका हात फिरवायचा. ऐनाच्या वाशांवर ज्यांच्या घरांची छपरं उभी आहेत त्यांनी त्या लाकडाला कमी लेखू नये.

मुद्दाम घासून, ओरखडे पाडून ‘पन्नास वर्षं वापरलेली’ दिसेल अशी केलेली गिटारही मिळते. फेंडरच्या कस्टम शॉपने, म्हणजे खास गिटारी बनवणाऱ्या विभागाने, १९९५ च्या सुमारास ही पद्धत रूढ केली. झिजलेल्या कडांची मान हाताला मऊ लागते, एवढा त्याचा खरा फायदा. बाकी ओरखडे आपल्या हातून पडावेत असं मला वाटतं. माझ्या गिटारीच्या खालच्या कडेला जो टवका उडालाय तो तुतारी एक्सप्रेसच्या दारात लागला होता, आणि तो मला कुठल्याही कारखान्याने दिलेला नाही.

गिब्सनकडे वळणाऱ्यांसाठी

लेस पॉलच्या बाबतीत हिशोब थोडा वेगळा. १९५७ पासून तिच्यावर सेथ लव्हर यांनी शोधलेले दुहेरी वेटोळ्यांचे पिकअप आले, त्यामुळे भुणभुणीचा प्रश्न नाही. ट्रस रॉडचं नट वरच्या टोकाला, एका छोट्या झाकणाखाली. गोलाई १२ इंच, मींडेला उत्तम. म्हणजे इथे जुनी घडणच कोकणाला बरी पडते. धोका एकच, पण मोठा: मान महोगनीची, वरचं टोक मागे बरंच कललेलं, आणि जिथे कलतं तिथेच नटासाठी लाकूड कोरून काढलेलं. गिटार उताणी पडली तर नेमकी तिथे मोडते. मऊ पिशवीत घालून एसटीच्या गर्दीतून नेण्याजोगं हे वाद्य नाही. कडक पेटीचे पैसे आधीच धरा. एपिफोन या गिब्सनच्याच स्वस्त ब्रँडच्या लेस पॉललाही हेच लागू.

दुकानात

आमच्या भागात निवडीला वाव असलेलं दुकान गाठायचं तर म्हापसा-पणजी किंवा कोल्हापूर. ऑनलाइन स्वस्त पडतं, तरी पहिली चांगली गिटार हातात घेऊनच घ्यावी, कारण एकाच मॉडेलच्या दोन गिटारी वजनाला आणि मानेला वेगळ्या निघतात. आम्ही दोघं सकाळच्या गाडीने गेलो. भाच्याला मी अ‍ॅम्प लावूच दिला नाही. आधी अर्धा तास कोरडी वाजव म्हटलं. बाराव्या फ्रेटच्या पुढे पहिल्या तारेवर दोन स्वरांची मींड, प्रत्येक फ्रेटवर. फ्रेटची टोकं मानेच्या कडेला बोचतात का, हात वर-खाली सरकवून. मग सगळ्यांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून मधली फट. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी हवी. सगळ्यात शेवटी अ‍ॅम्प.

दोन लाखांवरची हातात घेतल्यावर त्याचा चेहरा उजळला, हे मी लपवणार नाही. तिचा सांगाडा हलका होता, मानेवरून हात लोण्यासारखा फिरत होता, आणि कॉर्ड वाजले तेव्हा दुकानातला मुलगाही मान वर करून बघू लागला. मग त्याने आपलं नेहमीचं अभंगाचं कडवं काढलं आणि वरच्या स्वराला तार दोनदा मेली. तारा उंच करून हे सुटलं असतं. त्याने स्वतःच ती परत टांगली.

स्वस्तातल्या प्रकारच्या तीन होत्या. तिसरी घेतली. उरलेल्या पैशांतून कडक पेटी, आवरणाच्या तारांचे चार संच, आणि आवाज अजून जुना हवासा वाटला तर दिवाळीनंतर बदलायला पिकअपचे पैसे बाजूला. फ्रेट घासून, तारांची उंची लावून घ्यायचे कारागिराचे पैसे वेगळे, आणि ते कुणीही वाचवू नयेत. कसून सेटअप केलेली साधी गिटार, तशीच खोक्यातून काढलेल्या भारी गिटारीपेक्षा हाताला कितीतरी सुखाची असते.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तो ती घेऊन पुन्हा आला. बाहेर धो धो पाऊस. पेटी उघडली, जाड तार दोन्हीकडे दाबली. कार्ड आत शिरेना. किल्ली वरच्या टोकाला घातली, नट पावभर सैल केलं आणि कार्ड सरकलं.

“झाला?” त्याने विचारलं.

“झाला. आता ऑक्टोबरात ये.”